उन्हाळी टोमॅटोची फुलगळ: तारखेआधी रात्रीचं तापमान बघा

जुन्नर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: दोन एकर टोमॅटो, ठिबक, मल्चिंग, तार-बांबू सगळं आहे. लागवड दर वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, वडिलांच्या काळापासून तीच तारीख. पण गेले काही उन्हाळे एप्रिलमध्ये फुलं गळतात, मेमध्ये व्हायरस येतो, आणि 2025 मध्ये जे लागलं होतं तेही मेच्या पावसात गेलं. फवारण्यांचा खर्च वाढत चाललाय. लागवड मागेपुढे करू का, शेडनेट टाकू का, की टोमॅटोच सोडून देऊ?

टोमॅटो सोडू नका. पण मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही एकर एकदम लावणं यापुढे बंद करा. ती तारीख वडिलांच्या काळात बरोबर होती, कारण तेव्हाच्या हवामानावर बेतूनच ती ठरली होती. हवामान सरकलं, तारीख तिथेच राहिली. 2023 चा फेब्रुवारी दिवसाच्या सरासरी कमाल तापमानात देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, आणि 2024 हे त्या नोंदींत तोवरचं सर्वांत उष्ण वर्ष. तुमची फुलगळ औषध कमी पडल्यामुळे होत नाही. तुमच्या रोपांचे सर्वांत नाजूक दिवस आणि उन्हाळ्यातल्या गरम रात्री एकाच वेळी येतात, म्हणून होते.

फूल का गळतं ते नीट समजून घ्या, पुढचे निर्णय त्यावरच घ्यायचे आहेत. टोमॅटोच्या फुलातला पराग फूल उमलतं त्या दिवशी तयार होत नाही. कळी अगदी बारीक असते तेव्हा, म्हणजे उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधी, तो घडत असतो. त्या काळात दिवसाचं तापमान 35 अंशांच्या वर आणि रात्रीचं 21-22 च्या वर राहिलं की पराग पोकळ निघतो. फूल दिसायला पिवळंधमक, टवटवीत असतं, पण फळ धरण्याची ताकद त्यात नसते. चार दिवसांनी देठाच्या गाठीपासून ते सुटून पडतं. म्हणजे आज जी फुलगळ दिसते ती गेल्या आठवड्यातल्या उष्णतेची असते. आज फवारणी करून ती थांबणार कशी?

रात्रीचा आकडा फारसा कोणी बघत नाही. गावात चर्चा होते ती दुपारच्या 39-40 ची. पण रात्र गरम राहिली तर दिवसा पानांनी बनवलेली साखर झाड श्वसनातच खर्च करून टाकतं आणि कळ्यांच्या वाट्याला उपासमार येते. दुपार 37 ची पण रात्र 18-19 ची असेल तर बऱ्यापैकी सेटिंग (फळधारणा) होतं, हे मी अनेक प्लॉटवर पाहिलंय. दुपार तेवढीच आणि रात्र 24 ची असेल तर मात्र गुच्छच्या गुच्छ रिकामे जातात. तुमच्याच तालुक्यात ओतूर-मढच्या बाजूला रात्री लवकर निवतं, बेल्हे-आणे पठाराकडे हवा कोरडी आणि वारा भाजणारा. एका तालुक्यात दोन हवामानं आहेत, त्यामुळे शेजारच्या गावाची तारीख जशीच्या तशी उचलू नका. किमान-कमाल तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर आणा, प्लॉटमध्ये झाडाच्या उंचीवर सावलीत टांगा आणि रोज सकाळी दोन्ही आकडे वहीत लिहा. दोन उन्हाळ्यांची अशी वही तुमच्याकडे असली तर लागवडीची तारीख मला विचारावी लागणार नाही.

फूल तपासायची एक सोपी पद्धत सांगतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ताजं उमललेलं फूल तोडा आणि मोबाइलच्या बंद, काळ्या स्क्रीनवर टिचकी मारून झटका. चांगल्या फुलातून बारीक पिवळी पूड पडते, गरमीने मारलेल्या फुलातून जवळपास काहीच पडत नाही. मग पाकळ्या बाजूला करून मधली पिवळी नळी बघा. स्त्रीकेसराचं हिरवट टोक त्या नळीच्या आत असलं पाहिजे. उष्णतेत ते नळीबाहेर डोकावतं, आणि एकदा बाहेर आलं की नळीतला पराग त्यावर पडत नाही. दहा फुलांत सहा-सात अशी निघाली तर बोरॉन, टॉनिक, संजीवक यांवर त्या आठवड्यात पैसे घालू नका. संजीवकाने फूल देठाला चिकटून राहील, फळही धरेल, पण बऱ्याचदा ते आतून पोकळ आणि वजनाला हलकं भरतं. पुढच्या कळ्या वाचवायला काय करता येईल, तेवढंच बघा.

आता तारखेचं गणित. लागवडीनंतर 25 ते 30 दिवसांनी पहिली फुलं, तिथून साधारण पाच आठवडे मुख्य सेटिंग, आणि फळ धरल्यापासून तोड्याला 40-45 दिवस. 5 मार्चला लावलेल्या प्लॉटची फुलं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतात आणि सेटिंग मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालतं. वर्षातले सर्वांत वाईट पाच आठवडे नेमके तेच. तोच प्लॉट 1 ते 5 फेब्रुवारीच्या दरम्यान लावला तर सेटिंग मार्चमध्ये सुरू होऊन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बरंचसं उरकतं. तेव्हा दुपारी ऊन असतं, पण रात्री अजून थंड असतात. त्यासाठी रोपं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच नर्सरीत टाकलेली हवीत. जानेवारीच्या थंडीत ट्रेमधल्या रोपांना तीन-चार दिवस जास्त लागतात, तेवढी सोय धरा.

यावर तुम्ही म्हणाल की फेब्रुवारीच्या लागवडीचा माल एप्रिल-मेमध्ये येतो आणि तेव्हा नारायणगावच्या टोमॅटो बाजारात भाव नसतो. खरं आहे. मार्च-एप्रिलच्या लागवडीमागे जून-जुलैचा भाव असतो, हे मला माहीत आहे. जुलै 2023 मध्ये 20 किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला आणि त्या एका महिन्याने पुढची दोन वर्षं सगळ्यांच्या तारखा ठरवल्या. पण त्याच वर्षी सप्टेंबरात तोडणीचा खर्चही निघेना म्हणून लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. आणि जुलैचा भाव इतका चढला त्याचं एक मोठं कारण म्हणजे उष्णतेत आणि पावसात अनेकांचे प्लॉट बसले. तो भाव मिळवायचा तर जुलैत प्लॉट उभा हवा. म्हणून सगळं एका तारखेवर लावू नका, तुकडे करा.

शेडनेटबद्दल. फायदा होतो, पण शेडनेट दिवसाच्या अर्ध्या प्रश्नाचंच उत्तर आहे. दुपारचं ऊन तोडलं की पानांचं आणि फळांचं तापमान उतरतं, फळांना चट्टे पडत नाहीत, पाणी कमी लागतं. रात्रीचं तापमान मात्र नेटने जवळपास बदलत नाही. रात्री 24-25 ला अडकल्या असतील तर नेटखालीही फुलं गळणारच. त्यामुळे आधी तारीख दुरुस्त करा आणि मग, पैसे असतील तर, उशिराच्या तुकड्यावर नेट टाका. 35 टक्क्यांचं पुरे. 50 आणि 75 टक्क्यांच्या नेटखाली रोपं लांबट होतात, पेरातलं अंतर वाढतं आणि फुलं आणखी कमी येतात. उंची दहा फुटांपेक्षा कमी नको, नाहीतर गरम हवा झाडाच्या शेंड्यावरच कोंडते. आणि नेट फुलं दिसल्यावर टाकू नका, पहिल्या कळ्या धरायच्या आधी टाका. पराग कळीतच घडतो हे वर सांगितलंय, त्याचा उपयोग इथे होतो. नेटमध्ये वारा कमी असतो, म्हणून सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान तारेला दोन-चार झटके देत ओळीतून फिरा. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं, फक्त ते हललं पाहिजे.

नेट परवडत नसेल तर पश्चिमेच्या बांधाला मक्याच्या दोन-तीन दाट ओळी लागवडीच्या महिनाभर आधी टोका. भाजणारा वारा अडतो आणि पांढऱ्या माशीलाही थोडा अडसर होतो. मला विचाराल तर, कमी खर्चात इतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही, आणि लोक नेमकं हेच टाळतात कारण दोन ओळींची जागा जाते.

पाण्याचा हिशोब एकदा कागदावर करून बघा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे रोजचं बाष्पीभवन 8 ते 10 मिलिमीटर असतं. 9 धरा. हे उघड्या भांड्यातल्या पाण्याचं मोजमाप, म्हणून त्याला 0.7 ने गुणा, मग पूर्ण वाढलेल्या टोमॅटोचा गुणांक 1.1 ने, म्हणजे साधारण 7 मिलिमीटर. पाच फूट बाय दीड फूट अंतरावर एका झाडाच्या वाट्याला पाऊण चौरस मीटरहून थोडी कमी जागा येते, म्हणजे रोज पावणेपाच लिटरच्या आसपास. मल्चिंगमुळे पाचवा-चौथा हिस्सा वाचतो, उरतात साडेतीन ते चार लिटर. एकरी सहा हजार झाडांना रोज बावीस-तेवीस हजार लिटर. तुमची विहीर मेच्या शेवटी दोन एकरांना एवढं देणार आहे का? नसेल तर दीड एकरच लावा. अर्धपोटी दोन एकरांपेक्षा पोटभर दीड एकर जास्त कॅरेट देतं.

आणि पाणी एकदम देऊ नका. मध्यम-हलक्या जमिनीत मोठा हप्ता पहाटे, छोटा दुपारी. भारी काळ्या जमिनीत दिवसाआड चालेल, पण मल्चिंग उचलून मुठीत माती घेऊन बघितल्याशिवाय मोटर सुरू करू नका. गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. आपण ज्याला वाफसा म्हणतो, तो उन्हाळ्यातही टिकवायचा असतो. एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब असं झालं की फळाच्या बुडाला काळा चट्टा पडतो. त्याला लोक कॅल्शियमची कमतरता म्हणतात आणि कॅल्शियम नायट्रेटच्या पिशव्या ओततात. बहुतेक वेळा जमिनीत कॅल्शियम असतं, ते फळापर्यंत वाहून नेणारं पाणी अनियमित असतं. कॅल्शियम नायट्रेट द्यायचंच तर वेगळ्या दिवशी द्या. 12:61:0 या स्फुरदाच्या खतासोबत किंवा सल्फेटच्या खतांसोबत एका टाकीत घातलंत तर साका बसून ड्रिपर चोंदतील. युरियाचा हात एप्रिलमध्ये आखडता ठेवा. नत्रावर फोफावलेलं कोवळं पान फुलकिडे आणि पांढऱ्या माशीला सर्वांत आधी लागतं.

मल्चिंगच्या कागदाची रुपेरी बाजू वर ठेवता का? काळी बाजू वर असेल तर मार्चमध्ये भोकातून निघणारी वाफ रोपाचा बुंधा भाजते आणि माणसं मर रोग समजून बुरशीनाशकाची आळवणी करतात. भोक थोडं मोठं पाडा, रोप बसवल्यावर त्याच्या कडा मातीने बंद करा, आणि लागवड दुपारी चारनंतरच करा.

व्हायरसचं बोलायचं तर पानं गोळा करणारा कोकडा, म्हणजेच पर्णगुच्छ रोग, पांढरी माशी पसरवते. उष्णतेत या माशीची पिढी दोन-अडीच आठवड्यांत पूर्ण होते, थंडीत तिला यापेक्षा बरेच दिवस लागतात. तुमच्या प्लॉटमध्ये मे महिन्यात जे दिसतं त्याची सुरुवात मार्चमध्ये, बऱ्याचदा नर्सरीतच झालेली असते. रोपं 40-50 मेशच्या कीडरोधक जाळीतलीच घ्या, आणि जाळीला फाटकी जागा दिसली की त्या नर्सरीतून उठा. लागवडीनंतरचे पहिले 35-40 दिवस पीक वाचलं तर नंतर आलेला कोकडा फार नुकसान करत नाही. त्या काळात पाने गोळा झालेलं रोप दिसलं की उपटून पिशवीत घालून बाहेर न्या, बांधावर टाकू नका. वाण निवडताना पर्णगुच्छ रोगाला सहनशील वाण बघा. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचा अर्का रक्षक आहे, खासगी कंपन्यांचेही आहेत. पण दुकानात फळाचं वजन विचारण्याऐवजी शेजारच्या शेतकऱ्याला विचारा की त्या वाणाने गेल्या एप्रिलमध्ये सेटिंग किती केलं.

एक गोष्ट मात्र एकट्याने होत नाही. तुमच्या लागवडीशेजारी संपत आलेला जुना टोमॅटो उभा असेल तर जाळी, मका, चिकट सापळे सगळं अपुरं पडतं. तोडे संपलेला प्लॉट आठवडाभरात उपटून नष्ट करायचा, एवढं जरी शिवारातल्या दहा-बारा जणांनी ठरवलं तरी फरक दिसतो. पानं आणि फळं पोखरणारी टुटा नागअळी 2014 मध्ये महाराष्ट्रात आली, तीसुद्धा अशाच सोडून दिलेल्या प्लॉटवर पोसली जाते.

मेमध्ये फळ नीट लाल होत नाही, व्यापारी तिरंगा म्हणून बाजूला काढतो, ही तक्रार तुम्ही केली नाहीत पण करणार आहात. 2020 च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, नाशिक पट्ट्यात फळं रंगीबेरंगी झाली तेव्हा बंगळूरच्या संस्थेतल्या तपासणीत मुख्यतः कुकुंबर मोझॅक व्हायरस सापडला होता. तो मावा पसरवतो. पण प्रत्येक पिवळं फळ व्हायरसचं नसतं. तापमान 30-32 च्या वर राहिलं की लाल रंगद्रव्य बनायचं मंदावतं आणि पिवळं बनत राहतं. उन्हाच्या बाजूचा खांदा एकसारखा पिवळा आणि पानांआडची बाजू लाल असेल तर ती उष्णता. वेडेवाकडे पट्टे, कडी, उंचसखल डाग, आणि सोबत पानांवरही खुणा असतील तर व्हायरस. उष्णतेच्या पिवळेपणाला उपाय म्हणजे पानं टिकवणं. खालची पानं काढायची उन्हाळ्यात घाई करू नका, आणि तोडा थोडा कच्च्यावर घेऊन सावलीत पिकू द्या.

राहिला पाऊस. 2025 मध्ये मॉन्सून 24 मेला केरळात आणि 26 मेला मुंबईत पोचला. मुंबईची सरासरी तारीख 11 जून. म्हणजे तुमच्या हिशोबातले दोन कोरडे आठवडे गेलेच, वर आधीचा वळीवही जोरात झाला होता. दर वर्षी असं होईल असं नाही, पण मेच्या शेवटी मोठा पाऊस शक्य आहे हे धरूनच रान तयार करा. गादीवाफा फूटभर उंच हवा, तोही लागवडीच्या वेळी मोजलेला. दर आठ-दहा वाफ्यांनंतर उताराला चर काढा आणि चराचं तोंड कुठे उघडतं ते स्वतः चालत जाऊन बघा. बऱ्याच शेतांत चर असतात, पण रस्त्याच्या भरावाला जाऊन थांबतात. टोमॅटोची मुळं तुंबलेल्या पाण्यात दीड-दोन दिवसांत गुदमरतात आणि मग वर कितीही फवारा, झाड उठत नाही. ज्या तुकड्यात पाणी हटकून साचतं तिथे वांग्याच्या खुंटावर कलम केलेली टोमॅटोची रोपं लावायला हरकत नाही. वांग्याचं मूळ तुंबलेलं पाणी आणि जिवाणूजन्य मर दोन्ही जास्त सहन करतं. रोप महाग पडतं, म्हणून फक्त त्याच तुकड्यात.

पाऊस पडून गेल्यावर आधी पाणी काढा. पानं ओली असताना बांधणी, तोडणी, काहीच करू नका, हातांनी जिवाणूचे ठिपके एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. पानं सुकली की करप्यासाठी संरक्षक फवारणी घ्या, डब्यावरचं प्रमाण आणि तोड्याआधीचा प्रतीक्षा काळ पाळून. हवामान विभागाचा जिल्ह्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत ॲपवरही मिळतो. फवारणीचा वार त्यावर बेता, सवयीच्या वारावर नको.

दोन एकरांचं मी असं करीन. पाऊण एकर टोमॅटो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, भाव कमी मिळाला तरी वजन आणि दर्जा खात्रीचा. अर्धा एकर मार्चच्या मध्यावर, 35 टक्के नेट, पश्चिमेला मका, उंच वाफे. जून-जुलैच्या भावाची जी काही आशा ठेवायची ती या अर्ध्या एकरावर. उरलेल्या पाऊण एकरात एप्रिल-मेसाठी गवार किंवा भेंडी घ्या. दोन्ही पिकं उष्णता चांगली सोसतात आणि पाणी टोमॅटोपेक्षा कमी मागतात. भेंडीत केवडा म्हणजे हळद्या येतो, तोही पांढऱ्या माशीचाच, म्हणून तिथेही सहनशील वाणच घ्या. काकडी-दोडक्याचा मोह तेव्हा नको, कडक उन्हात त्यांना नर फुलंच जास्त येतात. ढोबळी मिरची उघड्यावर तर अजिबात नको. जूनमध्ये ते रान मोकळं झालं की हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून फुलावर यायच्या आधी गाडा.

पुढच्या वर्षी जानेवारीत रोपं टाकायच्या आधी थर्मामीटरच्या वहीतली मार्च ते मेची पानं मला पाठवा. रात्रीचा पारा सलग आठवडाभर 22 च्या वर कधी गेला ती तारीख शोधू आणि तिथून मागे मोजत तुमच्या रानाची लागवड ठरवू.